जत्रेत हरवलेला मुलगा किती वर्षांचा?

मुल्कराज आनंद यांची ‘द लॉस्ट चाइल्ड’ ही गोष्ट वाचायला दहा मिनिटं पुरतात. वसंताचा सण आहे. गल्लीबोळांतून नटूनथटून माणसं बाहेर पडली आहेत आणि एक लहान मुलगा आईबापांबरोबर जत्रेला निघाला आहे. वाटेत दुकानांतली खेळणी, मोहरीचं पिवळंधमक शेत, चतुर, पायवाटेवरचे किडे, अंगावर गळणारी फुलं अशा एकेका गोष्टीत रमून तो मागे पडतो. हाक आली की धावत सुटतो. जत्रेत शिरल्यावर मिठाई, गुलमोहराचा हार, फुगे, गारुडी असं एकामागून एक त्याला खुणावतं. गोल फिरणाऱ्या पाळण्यापाशी पोचून तो वळतो, तर आईबाप नाहीत. धावाधाव, रडारड. देवळाच्या गर्दीत पायाखाली येता येता एक अनोळखी माणूस त्याला उचलून घेतो आणि समजूत काढण्यासाठी मघाच्या त्याच वस्तूंपाशी नेतो. मुलाला त्यातलं काहीही नको असतं. त्याला आई हवी असते, बाबा हवे असतात. गोष्ट तिथेच संपते.

पेशावरला १९०५ साली जन्मलेल्या आनंदांचा याच नावाचा कथासंग्रह १९३४ साली निघाला. ‘अनटचेबल’ आणि ‘कुली’ या कादंबऱ्या त्यानंतरच्या. एनसीईआरटीच्या नववीच्या ‘मोमेंट्स’ या पूरक वाचनाच्या पुस्तकात ही गोष्ट बरीच वर्षं पहिला धडा होती. माझ्या आत्याने ती शाळेत शिकवली आहे, निवृत्त होईपर्यंत. माझी ताई रेल्वे स्थानकावर हरवलेल्या, पळून आलेल्या, मागे राहून गेलेल्या मुलांसाठी काम करते. आत्याच्या मते या गोष्टीत माणसाचं सबंध आयुष्य आहे. ताईच्या मते त्यात एक हरवलेलं मूल आहे आणि त्याला दुसऱ्या कशाचं प्रतीक करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. एका दुपारी दोघींचं यावर बोलणं झालं. दोघींच्या परवानगीने ते इथे देतो आहे. मध्ये मध्ये मीही बोललो आहे, कारण ही गोष्ट मलाही सोडवत नाही.

आत्या : लेखकाने मुलाचं नाव दिलेलं नाही, वय दिलेलं नाही. आईबापांना नावं नाहीत, गावाला नाव नाही. ज्याला एका विशिष्ट मुलाची हकिगत सांगायची असते तो असं करत नाही. ती जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे तू उभी राहा, मी उभी राहते.

ताई : नाव नसण्याचं कारण मला रोज दिसतं, आत्या. तीन-चार वर्षांचं मूल समोर बसलेलं असतं. आईचं नाव काय? ‘आई.’ बाबांचं? ‘बाबा.’ घर कुठे? ‘तिकडे.’ त्या वयाच्या मुलाला एवढंच माहीत असतं. आपली आई जगातल्या इतर आयांहून वेगळी ओळखू यावी म्हणून तिला काही नाव लागतं, हे त्याच्या कधी मनात आलेलं नसतं. आनंदांनी सगळी गोष्ट त्या मुलाच्या उंचीवरून पाहिली आहे. तिथून नावं दिसत नाहीत. पाय दिसतात, शेतातली फुलं दिसतात, आईचं बोट दिसतं.

आत्या : दोन्ही खरं असू शकतं की.

ताई : असू शकतं. पण तुम्ही शिकवणारी माणसं पहिलं सोडून दुसऱ्याकडे पळता. मूल म्हणजे जीव, आईबाप म्हणजे ईश्वर, जत्रा म्हणजे संसार. चौकट आखली, नावं भरली, झालं. मुलाच्या घशाला पडलेली कोरड कुठल्याच रकान्यात बसत नाही. धावताना त्याचा पिवळा फेटा सुटतो, घामात धूळ मिसळून कपडे चिखलाचे होतात. हे जिवाचं वर्णन नाही. हे हरवलेल्या पोराचं आहे. मी तशीच पोरं बघते.

आत्या : परीक्षेसाठी मुलं तशी चौकट लिहायची आणि मी मार्क द्यायचे, हे खरं आहे. पण माझं वाचन त्या चौकटीवर उभं नाही. मुलगा जत्रेत एकेका वस्तूपाशी थांबतो, तेव्हा काय होतं ते बघ. बर्फी हवी असते. तो पुटपुटतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो, कारण आपल्याला हावरट म्हणतील हे त्याला माहीत असतं. हार हवा असतो. तो स्वस्तातला आहे म्हणतील. फुगे हवे असतात. आता तू लहान नाहीस म्हणतील. गारुड्याची पुंगी ऐकायची असते. असलं हलकं संगीत ऐकायचं नाही, हे आधीच बजावलेलं आहे. आईबाप यांतलं एक अक्षरही त्या वेळी बोलत नाहीत. प्रत्येक नकार मुलगा स्वतःच स्वतःला देतो.

ताई : घरात दरारा आहे. सुरुवातीलाच बाप डोळे वटारतो.

आत्या : तेही आहेच. पण नकारांचा क्रम बघ. हावरटपणा करू नये, हे आपण अगदी बाळपणी शिकतो. कुठली वस्तू आपल्या घराला शोभते आणि कुठली नाही, हे थोडं नंतर कळतं. मोठा झालास, आता हे पुरे, हे त्याच्याही पुढचं. आणि कुठलं संगीत आपलं, कुठलं खालच्यांचं, हे तर भल्या मोठ्या माणसांचं शिक्षण. एवढ्याशा मुलाने चार दुकानं ओलांडली आणि माणूस तीसचाळीस वर्षांत जे नकार गोळा करतो ते सगळे त्याच्याजवळ जमा झाले. माझ्या लेखी जत्रेच्या फाटकातून आत शिरलेला मुलगा आणि पाळण्यापाशी पोचलेला मुलगा एका वयाचे नाहीत.

ताई : हे मला पटण्यासारखं आहे. पण यात प्रतीक कुठे आलं? हे त्या मुलाचं संगोपन झालं.

आत्या : थांब, पाळण्यापाशी ये. तिथे पहिल्यांदा तो नकार गिळत नाही. धीर करून, आईबापांना हाक मारून, मला यात बसायचं आहे असं स्पष्ट सांगतो. आणि नेमकं तेव्हाच ‘नको’ म्हणायला कोणी उरलेलं नसतं. मला सांग, हे एका दुपारचं आहे? माझ्या पिढीतल्या कितीतरी बायांना आपल्याला काय हवं होतं ते बोलायचं धैर्य आलं, तेव्हा ज्यांना ते सांगायचं ते गेलेले होते. मुभा मिळाली, पण ती मागण्यासारखं कोणी शिल्लक नव्हतं. हे वाक्य मी वर्गात कधी म्हटलं नाही. नववीच्या मुलांना त्याचा काय उपयोग?

आत्याच्या या बोलण्यानंतर मी पुस्तक काढून ती जागा पुन्हा वाचली. ती म्हणते तसंच आहे. तोवर जे पुटपुटणं होतं, ते पाळण्यापाशी उघड मागणं होतं. आनंद यावर कसलीही टिप्पणी करत नाहीत. मुलाने मागितलं, उत्तर आलं नाही, त्याने वळून पाहिलं. मला वाटतं, सबंध गोष्ट या तीन हालचालींवर उभी आहे.

ताई : आता मला त्रास होतो तो कुठे, ते सांगते. आईबाप म्हणजे देव असं एकदा ठरवलं की त्यांना प्रश्न विचारता येत नाही. देवाला कोण विचारणार? पण मला विचारावंच लागतं. कुठे होतात, शेवटचं कधी पाहिलंत, हात कोणी धरला होता. जत्रेला जाण्याच्या वाटेवर हे दोघे मुलाला सारखी हाक मारतात. दुकानांपाशी मारतात, शेतात मारतात, विहिरीच्या कठड्यावर बसून सावलीतून मारतात. जत्रेत शिरल्यावर एकही हाक नाही. आईने सुरुवातीला बोट दिलं होतं, ते कधी सुटलं हे गोष्टीत लिहिलेलंच नाही. आणि खरंच, ते कोणालाच सांगता येत नाही. माझ्यासमोर बसलेली आई हेच सांगते, की होता ना हातात, आत्ता होता. लेखकाने ते बरोबर टिपलं आहे. पण देव म्हटल्यावर हे सगळं झाकलं जातं.

आत्या : देव मी म्हटलंच नाही. आईबाप म्हणजे आईबापच. पण हाकेचं तू आत्ता जे सांगितलंस ना, तोच माझा पुरावा आहे. अर्ध्या गोष्टीत हाक त्यांच्याकडून येते आणि मूल ओ देतं, नाहीतर देत नाही. कारण पायाखाली एक किडा चाललेला असतो आणि तो त्या वेळी जास्त महत्त्वाचा असतो. उरलेल्या अर्ध्यात हाक मूल मारतं आणि ओ येत नाही. आयुष्याची याहून खरी विभागणी मला माहीत नाही. आधी ते आपल्याला बोलावतात, आपल्याला वेळ नसतो. मग आपण त्यांना बोलावतो.

ताई : हे तू स्वतःचं घालते आहेस त्यात.

आत्या : वाचणारा दुसरं काय घालणार? शिवाय मी एकटीच नाही. आपल्याकडे तुकोबा आहेत. सासरी निघालेली लेक मागे वळून बघते, आई चुकलेलं लेकरू भांबावून इकडेतिकडे बघतं, पाण्याबाहेर काढलेली मासोळी तळमळते. हे तिन्ही त्यांनी एका छोट्या अभंगात एकत्र आणले. लेकरू, तरणी मुलगी आणि देवासाठी झुरणारा प्रौढ माणूस, अशी तीन वयं आणि एकच दुःख.

ताई : आणि शेवटी तुकोबा सांगतात की माझं तसं झालं आहे. हा फरक मोठा आहे, आत्या. अभंगात लेकरू दृष्टान्ताला आलं आहे, हे ते स्वतः सांगतात. ते लेकरू पुढे सापडलं का, जेवलं का, असं आपण तुकोबांना विचारत नाही. आनंदांच्या गोष्टीत मूल दृष्टान्ताला आलेलं नाही, ते सबंध गोष्टभर आहे. म्हणून मला विचारावंसं वाटतं, त्याचं पुढे काय झालं? लंपनचं बघ. आईवडील दूर, तो आजीआजोबांकडे. प्रकाश नारायण संतांनी त्याला ‘वनवास’ म्हटलं आणि पुढची तीन पुस्तकं त्या पोराला लंपनच राहू दिलं. त्याच्यातून कोणी आत्मा काढला नाही, म्हणून तो अजून आपल्या घरात वावरल्यासारखा वाटतो.

आत्या : लंपनच्या गोष्टी लांब आहेत. त्याला गल्ली आहे, शाळा आहे, सुमी आहे. इतकं सगळं असलं की मूल एका ठिकाणी रुजतं. इथे तीनचार पानं आहेत. आणि लेखकाने खूण ठेवली आहे, नाही असं नाही. जत्रा जवळ येते तेव्हा चहूकडच्या पायवाटांवरून माणसं एका भोवऱ्याकडे ओढली जाताना मुलाला दिसतात. त्याला ओढही वाटते आणि भीतीही. त्या जागी आनंद ‘जग’ हा शब्द वापरतात. मुलगा एका जगात शिरतो आहे असं म्हणतात. एवढी एकच खूण आहे, पुढे ते गप्प.

मी इथे ‘ईदगाह’चा विषय काढला, कारण या दोन गोष्टी मला नेहमी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. प्रेमचंदांची गोष्ट १९३३ सालची, आनंदांचा संग्रह पुढच्या वर्षीचा. दोन्हींत जत्रा, दोन्हींत मिठाई आणि खेळणी, दोन्हींत त्यातलं काहीही न घेणारा मुलगा. हमीद चारपाच वर्षांचा आहे. त्याचे आईबाप मेलेले आहेत आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. वडील कमवायला गेलेत, आई अल्लाच्या घरी छान छान वस्तू आणायला गेली आहे, असं तो समजतो. खिशात तीन पैसे. मित्र भिश्ती, शिपाई, वकील अशी मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद दादीचे हात तव्यावर भाजतात म्हणून लोखंडी चिमटा घेऊन येतो. खरोखर पोरका असलेला मुलगा वस्तू नाकारतो, कारण घरी कोणीतरी आहे. आईबाप असलेला मुलगा वस्तू नाकारतो, कारण ते दिसत नाहीत.

ताई : हमीद मला कळतो. अशी मुलं मी पाहिली आहेत. सहा वर्षांची आणि घर चालवणारी.

आत्या : पण प्रेमचंद शेवटी काय करतात? चिमटा बघून दादी अमीना आधी रागावते, मग रडते, पदर पसरून दुवा देते. आणि प्रेमचंद सांगून टाकतात की लहानग्या हमीदने म्हाताऱ्या हमीदची भूमिका केली आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली. मुलात म्हातारा आणि म्हातारीत मूल आहे, हे त्यांनी वाचकाला उघड दाखवलं. आयुष्याची दोन्ही टोकं एका अंगणात आली. म्हणजे लहान मुलाच्या गोष्टीत सबंध आयुष्य मावतं, हे काही माझं वेड नाही. त्या काळचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा कथाकार ते करत होता, आणि लपवून करत नव्हता.

मी : आनंदांनी ते लपवलं, असं म्हणायचं आहे तुला?

आत्या : लपवलं नाही, मुलावर सोपवलं. प्रेमचंदांनी जे वाक्यात सांगितलं, ते आनंदांनी मुलाच्या मान फिरवण्यात ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला या वादाइतकीच बोलकी वाटते. आनंदांनी पुढे खरोखरच एक सबंध आयुष्य लिहायला घेतलं होतं. शेक्सपियरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये माणसाच्या सात अवस्थांचं भाषण आहे. त्यावरून ‘सेव्हन एजेस ऑफ मॅन’ अशी सात भागांची आत्मचरित्रात्मक कादंबरीमालिका त्यांनी योजली. पहिला भाग बालपणाचा, ‘सेव्हन समर्स’, १९५१ साली आला. मग ‘मॉर्निंग फेस’ १९६८ साली, ज्याला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘कन्फेशन ऑफ अ लव्हर’ १९७६ साली, ‘द बबल’ १९८४ साली. एवढा मोठा संकल्प, एवढी हजारो पानं, आणि मालिका ठरल्याप्रमाणे पुरी झाली नाही. मधल्या दशकांत ते मुंबईत होते. तिथे १९४६ साली त्यांनी ‘मार्ग’ हे कलेचं नियतकालिक सुरू केलं. २००४ च्या सप्टेंबरात, अठ्ठ्याण्णव वर्षांचे असताना, ते आपल्या पुण्यात वारले. ज्याला सात खंड योजूनही आयुष्य पुरं मांडता आलं नाही, त्याने ते विशी-तिशीत, लंडनच्या दिवसांत, चार पानांत मांडून ठेवलं होतं, असं आत्याला वाटतं. मलाही वाटतं. घरापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या तरुणाने मोहरीचं शेत आणि आईचं बोट आठवून ते लिहिलं. त्या वयात बालपण नुकतं मागे पडलेलं असतं आणि आपण परत जाणार नाही हे नुकतं कळलेलं असतं.

ताई : लेखकाचं चरित्र घालून गोष्ट मोठी करू नका. मी लंडनमध्ये राहत नाही, तरी ती मला पोचते. आणि ती पोचते कारण त्यात एक अगदी बरोबर गोष्ट आहे, जी न पाहिलेल्या माणसाला सुचणार नाही. हरवलेल्या मुलाला खाऊ चालत नाही. तुम्हाला वाटतं, चॉकलेट दिलं की गप्प बसेल. नाही बसत. काही मुलं ते हातात घेतात आणि तसंच धरून ठेवतात. तहान, भूक, खेळणं, सगळं बंद होतं. आम्हाला कामाला लागताना हेच सांगतात. आधी खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांसमोर आपले डोळे आणायचे, आपलं नाव सांगायचं. वस्तू नंतर. तो माणूस पाळणा दाखवतो तेव्हा मुलगा हुंदके देतो. पुंगी ऐकवायला नेतो तेव्हा कान झाकून घेतो. फुग्यांवरून डोळे वळवतो, फुलांवरून नाक, मिठाईवरून तोंड. एकेक इंद्रिय मिटतं. भीतीने असंच होतं. यात वैराग्य वगैरे काही नाही.

आत्या : तुझी आजी शेवटच्या महिन्यात काय करत होती, आठवतं?

ताई : आठवतं.

आत्या : तिला श्रीखंड प्राणाहून प्रिय. मी वाटी घेऊन बसायचे, ती तोंड फिरवायची. रेडिओवर तिच्या आवडीचं काही लागलं तर बंद कर म्हणून खुणावायची. मोगरा ठेवला उशाशी, तर हात लावून बाजूला सारला. आणि हाक मारायची आईला. तिची आई जाऊन साठ वर्षं होऊन गेली होती. नवरा, मुलं, आम्ही सगळे होतो, कोणाचं नाव घेतलं नाही. चार वर्षांच्या मुलासारखं आई आई. डॉक्टरांनी सांगितलं, बरेच जण असं करतात. मला नवल वाटलं नाही, कारण मी ही गोष्ट शिकवलेली होती. तू म्हणतेस ते वैराग्य नाही, हे मान्य. तिलाही वैराग्य आलं नव्हतं. ती भ्यायली होती. म्हणूनच मी म्हणते, गोष्टीतल्या मुलाचं वय सांगता येत नाही. पहिल्या पानावर तो चार वर्षांचा आहे आणि शेवटच्या पानावर ऐंशीचा, तरी तो तोच आहे.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. या घरात आजीचा विषय निघाला की असं होतं. मग तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि शेवटची दोन पानं वाचली. वाचताना तिचं बोट ओळींवरून फिरत होतं. अर्ज तपासताना फिरतं तसं.

ताई : तू ज्याला सोडून देतेस त्याच्याबद्दल बोलू या. तो उचलून घेणारा माणूस. तुझ्या आयुष्याच्या वाचनात तो कोण आहे?

आत्या : मार्गदर्शकांत त्याला जगाचं आमिष म्हणतात. एकेक वस्तू दाखवून मूळ दुःख विसरायला लावणारा.

ताई : आमिष? देवळाच्या दारात धिप्पाड माणसं खांद्याने ढकलत चालली आहेत, नजरा खुनशी आहेत, मूल त्यांच्या पायांत आहे. सबंध जत्रेत एकाच माणसाला त्याचं किंचाळणं ऐकू येतं. त्या रेट्यात वाकणंही कठीण, तरी तो मोठ्या कष्टाने वाकतो आणि त्याला वर उचलतो. आणि विचारतो, कोणाचा तू? बरोबर प्रश्न आहे, आम्हीही तोच विचारतो. मुंबईत १९९६ साली चाइल्डलाइन सुरू झाली, १०९८ हा नंबर आला. २०१५ च्या कायद्याप्रमाणे सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. त्या माणसाजवळ यांतलं काही नव्हतं. फक्त दोन हात होते. त्याला तुम्ही आमिष म्हणून मोकळे होता? प्रतीकाचा हाच धोका आहे. जो माणूस चौकटीत बसत नाही त्याला खलनायक करायचं.

आत्या : बरं, मग तू सांग.

ताई : आधी क्रम बघ. जाताना मिठाई, फुलं, फुगे, गारुडी, पाळणा. परतताना पाळणा, गारुडी, फुगे, फुलं, मिठाई. बरोबर उलटा.

आत्या : ते मी शिकवत आले आहे. ज्या क्रमाने इच्छा गोळा केल्या, त्याच्या उलट क्रमाने एकेक सोडून द्यायची. म्हातारपण.

ताई : मिठाईचं दुकान कुठे आहे? जत्रेच्या तोंडाशी, आत शिरताना पहिलं. फुलवाला फाटकापाशी बसलेला आहे. तो माणूस मुलाला घेऊन आतून बाहेर चालला आहे, आत्या. फाटकाकडे. वस्तू वाटेत लागतात म्हणून दाखवतो. हरवलेलं मूल सापडलं की तेच करायचं असतं. जिथून ते आत आलं तिथे न्यायचं, कारण शोधणारे आईबाप फिरून फिरून तिथेच येतात. त्या माणसाला ते कळलं होतं की तो आपसूक तिकडे वळला, हे लेखक सांगत नाही. पण रस्ता बरोबर आहे.

आत्या : हे फार चांगलं सांगितलंस. म्हणजे तो उलटा क्रम मुलाचा नाहीच, त्या माणसाच्या पावलांचा आहे.

ताई : हो. आणि तुझ्या वाचनातही त्याची जागा आहे, तू ती रिकामी ठेवलीस. आजीच्या खाटेशी वाटी घेऊन कोण बसलं होतं? मोगरा कोणी आणून ठेवला? रेडिओ कोणी लावला? एकामागून एक तू तिला दाखवत होतीस, आणि ती तोंड फिरवत होती, कारण तिला जी हवी होती ती तू नव्हतीस. तरी तू उठून गेली नाहीस.

आत्या : मी तिची मुलगी होते, अनोळखी नव्हते.

ताई : तिला त्या दिवसांत तू ओळखू येत होतीस का?

आत्या : नाही. शेवटी नाही.

ताई : मग? तू आयुष्य म्हणतेस, ते त्या मुलात आहे हे आज मी मान्य करते. पण ते त्याच्या एकट्यात नाही. त्याला उचलून घेणारा नसता तर तुझी गोष्ट देवळाच्या दारातच संपली असती. चिरडून.

आत्या : पण तो काही देऊ शकत नाही. शेवटपर्यंत नाही. मुलाला जे हवं ते त्याच्याजवळ नाही.

ताई : आमच्याजवळही नसतं. आई नसतेच आमच्याजवळ. म्हणून आपण काय आहोत ते त्याला खरं सांगायचं, आणि कडेवरून खाली ठेवायचं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत त्यानेही मुलाला सोडून दिलेलं नाही, हे तुझ्या नववीच्या मुलांपैकी कोणी कधी लिहिलं का उत्तरपत्रिकेत?

आत्या : नाही. सगळे एवढंच लिहायचे की आईबाप सापडत नाहीत.

ताई : तसं लेखकाने लिहिलेलं नाही. सापडले असंही नाही. मिठाईच्या दुकानापाशी मूल रडतं आहे आणि गोष्ट थांबते, एवढंच.

आत्या : तिथून पुढे तू काय केलं असतंस?

ताई : फाटकापाशीच थांबले असते, आणि दोन माणसं देवळाकडे पाठवली असती. आईबाप तिकडेही शोधत असणार.